कोरड्या क्लचची शुश्रूषा

नव्या क्लचचा पहिला आवाज पाटीवर नख ओढल्यासारखा असतो, आणि बोरगाव मेघेतल्या आमच्या अंगणात तो सलग चार दिवस ऐकल्यावर मी त्याचा बंदोबस्त केला.

अंगणात माझी मुलगी शलाका गो-कार्ट बांधत होती. ती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, पाण्याच्या पंपाचे जुने इंजिन आणि चार बुटकी चाके. (दुरून पाहिले तर एखादी खाट घर सोडून जाण्याच्या बेतात आहे असे वाटे.) कॉलेजकडून स्पर्धेला कोणाची गाडी जाणार, हे सोमवारी ठरणार होते. अट एकच: चालकासह जागेवरून निघून वर्कशॉपमागचा चढ चढायचा. सरांनी जुन्या मोटारसायकलचा क्लच सुचवला होता. शलाकाने तो नाकारून, स्वतः गणित मांडून दुसरा निवडला होता. गाडी चढली नाही, तर पुढचे वर्षभर तिच्या हातात कोणी पानाही देणार नव्हते.

क्लच म्हणजे काय, ते तिने मला समजावले होते. इंजिनाचा वेग वाढला की आतले दोन गुटके बाहेर झेपावतात, भोवतीच्या वाटीला बिलगतात आणि गाडी निघते. मी वीस वर्षे मराठी कविता शिकवते आहे. दोन जिवांचे बिलगणे असे करकरत का व्हावे, हे मला कळेना.

उत्तर तिच्या बाबांकडून मिळाले. ते हिंगणघाटला जिनिंगमध्ये फिटर आहेत. सकाळी चहा पिता पिता ते तिला म्हणाले, "मोटारसायकलचा क्लच जनमभर तेलात राह्यते, म्हणून टिकते. तुह्या क्लचले काऊन नाई?"

तिने काहीतरी उत्तर दिले. परंतु तेवढ्यात कुकरची शिटी झाली आणि मी आत गेले.

माझ्या माहेरी, आर्वीकडे, करकरणाऱ्या बिजागरीला जवसाचे तेल सोडत. दुपारी अंगणात कोणी नसताना मी क्लचच्या जाळीतून चार थेंब सोडले. शेजारच्या साखळीला काळे वंगण होतेच. माझे तेल कोणाच्या नजरेस आले नाही. संध्याकाळी करकर थांबली होती. "आवाज बसला," बाप-लेक समाधानाने म्हणाले. मी विनयाने दोघांना चहा दिला.

गाडीही बसली. इंजिन गर्जत होते, चाके ध्यानस्थ होती.

"गिअर जड पडून राह्यला," हे म्हणाले. "मागची चकती मोठी लाव." इंजिनाकडची दातेरी चकती लहान, चाकांकडची मोठी, मागची जितकी मोठी, तितका वेग कमी आणि जोर जास्त. शलाकाच्या गणिताने एकास पाच हे प्रमाण पुरेसे होते. नाइलाजाने तिने एकास सहा केले. एवढ्या खोलाखोलीत क्लच पुन्हा कोरडा पडला असेल, या काळजीने मी चमचाभर तेल सोडले.

गाडी तसूभरही हलली नाही. मग एकास आठ झाले. मीही चमच्याची पळी केली.

रविवारी शलाका गणिताचा कागद फाडून पायरीवर बसली. ताटातली भाकर तशीच होती. तिचा आवाज ओल्या कापसासारखा जड झाला होता. "आई, मले गणित येतच नाई बहुतेक."

"येते गं," मी तिच्या केसांवरून हात फिरवत म्हटले, "यंत्रालाही थोडी माया लागते." आणि बाटली आणायला आत गेले.

सोमवारी वर्कशॉपमागे सगळा वर्ग जमला होता; हे आणि मीही गेलो होतो. इंजिन गर्जले. गाडी उभी. मागून कोणीतरी, ढकलायचं का बाई, असे विचारले. शलाकाने पाय दाबून ठेवला. जाळीतून निळसर धूर निघाला आणि आसमंतात जवसाची चटणी करपल्याचा खमंग, अपरिचित वास पसरला. तेल जळून गेले असावे आणि गुटक्यांची वाटीवर पकड बसली असावी. गाडीने एक हिसका दिला आणि ती चढू लागली.

एकास आठ प्रमाणाने ती इतकी सावकाश चढली, की सर पाठीमागे हात बांधून तिच्या शेजारून चालत होते आणि चालता चालता तोंडी परीक्षाही घेत होते.

वर पोहोचल्यावर ते म्हणाले, "चढली. निवड पक्की. पण तू जमा केलेलं पहिलं गणित बरोबर होतं. एकास पाच. ते काऊन बदललं?"

हे आकाशाकडे पाहू लागले. शलाकाने जाळी काढली, वाटीच्या कडेवरून बोट फिरवले आणि ते नाकाशी नेले. मग सगळ्या वर्गातून वाट काढत थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तेल कोणी घातले, हे तिने विचारले नाही. का घातले, हेही नाही. वीस वर्षे ती माझ्या हातचे जेवते आहे.

बोट माझ्यापुढे धरून ती शांतपणे म्हणाली,

"किती?"