राजाच्या गरिबीचा पंचनामा

माझं माहेर भडगावचं. वडील शिंपी. घरात सहा माणसं आणि एक मशीन. मला स्थळ आलं तेव्हा पोरगी राजघराण्यात चालली म्हणून गल्लीत बातमी पसरली. ती खोटी नव्हती. सातपुड्याच्या पायथ्याची अकरा गावांची जहागीर एकेकाळी माझ्या सासरच्यांकडे होती. पण लग्न होऊन मी आले ती जळगावात, मेहरूणमधल्या भाड्याच्या दोन खोल्यांत. संडास चार बिऱ्हाडांत एक. आजेसासऱ्यांच्या काळात जहागीर गेली, सासऱ्यांच्या काळात शेती सिलिंगमध्ये आणि कोर्टकचेऱ्यांत गेली. माझ्या नवऱ्याच्या वाट्याला एका डाळ मिलच्या गेटवर बसून ट्रकचे नंबर लिहायचं काम आलं.

मिलमधले हमाल यांना "राजे" म्हणत.

"राजे, खजिना उघडा, चिमूटभर तंबाखू द्या!"

हे डबी पुढे करत. त्यातला टोमणा यांना कधी ऐकूच आला नाही.

मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची, औषधांची, कोणाकडे जाताना काय न्यायचं त्याची. सासूबाईंना ती खपायची नाही, कारण या घरात अमुक वस्तू नाही असं तोंडाने म्हणायची बंदी होती. राजाच्या घरात धान्य नाही असं जो बोलेल त्याच्या शेतात उगवणार नाही, अशी त्या अकरा गावांची समजूत. तीच आमच्या घराचीही रीत. ज्वारीचा डबा रिकामा झाला तरी सासूबाई त्याला झाकण लावून फळीवर ठेवायच्या. मी दाराच्या आतल्या बाजूला यादी चिकटवायचे, त्या ती काढून उलटी लावायच्या. त्या गेल्या, पण रीत राहिली.

काही वर्षांपूर्वी आमची मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. धुळ्याच्या एका नर्सिंग कॉलेजात तिचा नंबर लागला. नर्स व्हायचं हे तिने आठवीतच ठरवलं होतं. पूर्ण फी आमच्याच्याने भरली जाणार नव्हती, पण उत्पन्नाचा दाखला जोडला तर बहुतेक सगळी माफ होणार होती. मुदत सोमवारची. मी यादी केली, चौदा कागद. तेरा चार दिवसांत झाले. दाखला अडला.

आमच्या भागातल्या तलाठ्याने संगणकात पाहून सांगितलं, "ताई, तुमच्या मिस्टरांच्या नावावर पायथ्याच्या गावात जमीन दिसतेय. मोठा सातबारा आहे."

ती जमीन फक्त कागदावर होती. सगळा डोंगरउतार, त्यावर वन खात्याचा ताबा आणि वर दावा चालू. तिच्यातून आम्हाला गवताची काडी मिळत नव्हती.

"मग तसं तिथल्या तलाठ्याचं लिहून आणा," तो म्हणाला. "गावातले दोन पंच लागतील. उत्पन्न येत नाही, परिस्थिती हलाखीची आहे, एवढं त्यांनी सांगायचं."

मी यादीत लिहिलं: पंच दोन, आधार कार्डासह. यांनी गावच्या कारभाऱ्याला फोन केला. मी तेव्हा मार्कशीटच्या झेरॉक्स काढायला गेले होते. फोनवर काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. पंच आणायचे एवढंच मी टिपून ठेवलं, पंचांना काय सांगायचं ते टिपलं नाही. ही माझी चूक.

शुक्रवारी आम्ही दोघं निघालो. चोपड्याला गाडी बदलली. गाव दिसायला लागलं तसा मी डोक्यावर पदर घेतला. तिथे राणीने लोकांसमोर बोलायचं नसतं. वीस वर्षांत मी त्या गावात एक शब्द बोलले नव्हते.

दोन पंच हवे होते, ग्रामपंचायतीसमोर पन्नास माणसं जमली होती. प्लास्टिकच्या खुर्चीवर नवी घोंगडी अंथरलेली. हे तिच्यावर बसले. कारभारी आणि त्याचा चुलतभाऊ, दोघेही सत्तरीचे, यांच्या पायाशी जमिनीवर बसले. तिथला तलाठी तरुण होता, नवाच लागलेला.

"बोला आबा," तो कारभाऱ्याला म्हणाला. "यांना इथल्या जमिनीतून काही येतं का?"

"येतंच ना! बठ्ठंच येतं."

"सगळंच म्हणजे किती?"

"तो डोंगर दखा. तठलोंग बठ्ठं राजानं शे. आम्हीबी राजानाच शेत."

"मोजाले बसशात ते दिवाई उजाडी, साहेब," चुलतभाऊ म्हणाला. लोक हसले. तलाठीही हसला.

"आबा, तसं नाही. हे गरीब आहेत असं मला लिहायचंय. पोरीच्या फीसाठी."

हसणं थांबलं. कारभारी गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला.

"कोन गरीब? आमना राजा? आसं बोलनं ते आमनं तोंड सडी जाई. आमना वावरमां काय उगी मंग?"

"जळगावमां महाल शे त्यासना!" मागून एका बाईने सांगितलं.

मग मी बोलले.

"महाल नाही, आबा. दोन खोल्या आहेत, त्याही भाड्याच्या. हे मिलच्या गेटवर बसतात, मी साड्यांना फॉल लावते. पोरीला शिकवायची आमची ऐपत नाही. लिहा साहेब, मी सांगते तसं लिहा."

बायकांनी कानांवर हात ठेवले. कारभाऱ्याने वाकून जमिनीला हात लावला आणि स्वतःच्या कानाच्या पाळ्या धरल्या. माझं बोलणं कानावर पडलं म्हणून त्याने माफी मागितली, मातीची.

"अक्का, नका आसं बोलू," तो म्हणाला. "यंदा पाऊस कमी शे."

त्याच्यावर मला रागावता आलं नाही. त्याचं पोट त्या मातीवर होतं आणि तो खरंच घाबरला होता.

तलाठी यांच्याकडे वळला. "साहेब, तुम्हीच सांगा. तुमचा शब्द हे मोडणार नाहीत. एकदा हो म्हणा, दोन मिनिटांत सह्या होतात."

यांनी डोंगराकडे पाहिलं, मग लोकांकडे. खुर्चीत यांची पाठ ताठ झाली. मिलच्या स्टुलावर हे इतके ताठ बसलेले मी कधी पाहिले नव्हते.

"एवढ्या मानाने बोलताहेत," हे म्हणाले. "त्यांना मी खोटं कसं पाडू?"

पंचांनी दुजोरा दिला नाही, असं तलाठ्याने लिहिलं. त्याखाली मात्र दोघांनी आनंदाने अंगठे उठवले. निघताना लोकांनी ज्वारीचं एक पोतं आणून पुढे ठेवलं. यांनी त्याला हात लावला आणि परत केलं. तशी रीत आहे. राजा हात लावतो, घेत नाही. आमच्या घरी त्या दिवशी पीठ दुसऱ्या दिवसापुरतं होतं.

गाडीत हे खुशीत होते. "पाहिलंत? अजून मानतात लोक."

"पोरीला काय सांगायचं?" मी विचारलं.

"होईल काहीतरी," म्हणाले आणि खिडकीला डोकं टेकून झोपले.

शनिवार-रविवार कचेऱ्या बंद. सोमवारी मी मुलीला घेऊन धुळ्याला गेले. खिडकीवरच्या बाईंनी कागद दोनदा चाळले आणि परत दिले. "पूर्ण फी भरत असाल तर आत्ता घेते," त्या म्हणाल्या. आम्ही संध्याकाळपर्यंत बाकावर बसलो, कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही. पाचनंतर प्रतीक्षा यादीतलं पुढचं नाव पुकारलं. सोनगीरकडची मुलगी होती, वडील सोबत. तिच्याकडे सगळे कागद होते.

परतीच्या गाडीत मुलीने एवढंच विचारलं, "बाबा बोलले का नाहीत?"

"त्यांनाच विचार," मी म्हणाले. तिने विचारलं नाही. अजूनही नाही.

पुढच्या वर्षी मी तो दाखला काढला. एकटी गेले. बाहेरगावाहून येऊन त्या गावात राहिलेली दोन माणसं धरली, ज्यांना राजा कोण हे ठाऊक नव्हतं. पाच मिनिटांत सह्या झाल्या. पण त्या वर्षी गुणवत्ता यादी वर गेली आणि तिचा नंबर लागला नाही. आता ती एका लॅबच्या काउंटरवर बसते, रक्ताच्या बाटल्यांवर पेशंटची नावं चिकटवते.

त्या शुक्रवारची गोष्ट हे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात. घोंगडी सांगतात, डोंगर सांगतात. कारभाऱ्याची नक्कल इतकी छान करतात की लोक पोट धरून हसतात. मी बोलले होते तो भाग सांगत नाहीत.

गेल्या महिन्यात मिलमधले एक नवे हिशेबनीस घरी आले होते. मुलगी नुकतीच कामावरून आलेली, तिनेच चहा आणला. गोष्ट ऐकून ते खूप हसले. मग त्यांनी सहज विचारलं, "पण राजे, तुम्ही तलाठ्याकडे गेला होतात कशाला?"

हे बशीत चहा ओतत होते. जरा थांबले, आठवून पाहिलं.

"कसलातरी कागद हवा होता," हे म्हणाले.