इंग्रजीत उमटलेली बिबडी

इंग्रजी मीडियमच्या मुलीला कॉम्प्युटर येतोच, अशी आमच्या नातेवाइकांची ठाम समजूत आहे. मी कॉमर्सची. तरी जळगावहून धुळ्याला मावशीकडे गेले की पाण्याच्या पेल्याआधी बिघडलेला प्रिंटर पुढे येतो.

या वेळी लॅपटॉपच होता. नवं विंडोज त्यावर चढत नव्हतं आणि जुनं सुरू होईपर्यंत मावशीची कणीक मळून व्हायची. "भंगारात द्या," काकांनी निकाल देऊन टाकला होता. मावशी घरी ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे पापड, करून विकते आणि पाकिटांवरची लेबलं स्वतः टाइप करते. लॅपटॉप गेला तर काकांच्या मित्राच्या टायपिंगच्या दुकानात जाऊन बसायचं, आणि तो तिचं 'घरगुती' दर वेळी 'घरगूती' करतो.

"विंडोजऐवजी लिनक्स टाकून बघू, फुकट असतं," मी म्हटलं. फुकट म्हटल्यावर काकांचा संशय आणखीच वाढला.

कोणतं लिनक्स, हे शोधताना माझं डोकं उठलं. नेटवर जो तो सांगतो की हे अगदी सोपं, माझ्या आजीलाही जमतं. आणि पुढच्याच ओळीत काळ्या खिडकीत टाइप करायची हातभर कमांड. त्याखाली दुसरा येऊन पहिल्याला मूर्ख ठरवतो. आजीला कोणी विचारलंय असं वाटत नाही.

शेवटी दोन पेनड्राइव्हवर दोन लिनक्स घेऊन गेले. पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतात, लॅपटॉपमधलं काही पुसलं जात नाही. पहिल्यात मी हौसेने मराठी निवडली. फाईलच्या जागी 'धारिका' आलं. मावशीने माझ्याकडे बघितलं, मी मावशीकडे. दुसऱ्यात इंग्रजीच ठेवली. डाव्या कोपऱ्यात बटण, फाईल, सेव्ह, प्रिंट, सगळं तिच्या ओळखीचं. तिने लेबल उघडलं.

'बिबडी'च्या जागी fccMh.

"बठ्ठं गयं का मन्हं?" सगळी लेबलं गेली असं वाटून मावशीचा हात माऊसवरच राहिला.

काका टीव्हीसमोरून उठून आले. "इंग्रजी शे ना ते? मंग वाच. इतला वरीस इंग्रजी शाळामा गयी ना तू!"

"काका, हे इंग्रजी नाहीये."

"मंग काय शे?"

मराठीच होतं. जुन्या मराठी फॉन्टमध्ये अक्षरं आतून इंग्रजी असतात, फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो. नव्या सिस्टीममध्ये तो फॉन्ट नव्हता. हे मी दोनदा समजावलं. दुसऱ्यांदा काका टीव्हीकडे बघत होते. नवशिक्यांसाठी सोपं म्हणून एवढं वाचलं, त्यात याबद्दल एक अक्षर कोणी लिहिलं नव्हतं.

लॅपटॉपच्या जुन्या फोल्डरमधून फॉन्ट उचलला, नव्यात टाकला आणि फाईल पुन्हा उघडली. बिबडी परत आली. मग माऊस मावशीला दिला आणि माझे हात मांडीखाली दाबून बसले. माझ्याशिवाय जमलं तरच उपयोग होता. ती मेनूत दोनदा चुकली, माझ्याकडे वळली, मी भिंतीकडे बघितलं. शेवटी प्रिंटर कुरकुरला. 'घरगुती' ऱ्हस्वच होतं.

"हेच टाक," मावशी म्हणाली.

"एवढं करीसन कितला दिन टिकी ते?" काका सोफ्यावरून म्हणाले. "भंगारवाला येवाव शे."

मावशीने लेबल उजेडात धरून नीट पाहिलं. "येऊ द्या. तुमना टीव्ही दी टाका त्याले."

काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला.