जावयाचं गाणं उशिरा वाजतं

आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला चौसाळ्याला दिलं ते सरकी-पेंडीचं चालतं दुकान बघून. वडवणीला किराणा दुकान चालवणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या गल्ल्याकडं बघून घर ओळखता येतं, असा त्यांचा पक्का समज. पुढं आमच्या ह्यांनी पेंडीची पोती हलवली आणि तिथं कॅसेटी मांडल्या. आप्पा एवढंच म्हणाले, "म्या पोरगी दुकानाला दिलती, गाण्याला न्हाई." आणि तेव्हापासून त्यांनी जावयाशी बोलणं सोडलं.

सोडलं म्हणजे भांडण नव्हे. जावयाशी भांडता येत नाही, त्याचा मान असतो. म्हणून समोरासमोर बसूनही सगळं माझ्यामार्फत चालायचं. "तुझ्या मालकाला इचार, च्या घेतेत का." कप ह्यांच्या हातात असला तरी मी विचारायची. हे म्हणायचे, "आप्पाला सांग, घेतलाय." दोन्हीकडं वळून वळून माझी मान दुखायची. खरं दुखणं वेगळंच होतं. माझ्या माहेरात माझ्या माणसाला कोणी सरळ तोंडानं 'या, बसा' म्हणत नव्हतं, आणि ते मला फार लागायचं.

पुढं देशात उदारीकरण आलं म्हणतात. आमच्याकडं ते एसटीच्या टपावरून, पुठ्ठ्याच्या खोक्यात आलं. कॅसेटींचे दिवस सरत आल्यावर ह्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि बीडहून कोणाकडून तरी डीजेच्या सॉफ्टवेअरची सीडी आणली. आता लग्नात बटण दाबलं की गाणं, म्हणाले. बटण दाबलं. गाणं आलंच नाही. "बिघडलं वाटतं," असं मी म्हणेपर्यंत वाजायला लागलं.

त्या उशिराला लेटन्सी म्हणतात हे शोधून काढायला ह्यांना महिना लागला. कॉम्प्युटर म्हणे वाजवण्याआधी थोडा आवाज साठवून ठेवतो, त्या साठ्याला बफर म्हणायचं. साठा मोठा ठेवला तर गाणं उशिरा येतं, लहान ठेवला तर मधेच संपतो आणि आवाज तडतडतो. पडद्यावर एक सरकपट्टी होती. हे ती केसभर इकडं सरकवायचे, केसभर तिकडं, आणि दर वेळी मला पोळ्या टाकता टाकता हाक. "अगं, आता कधी ऐकू आलं?"

"तडतडलं. मोहरी टाकली का काय?"

"आणि आता?"

"आता पोळी करपली."

घरातला रांजण कधी भरला नाही या माणसानं, पण कॉम्प्युटरचा साठा दिवसभर भरत-रिकामा करत बसायचा. शेवटी कुठं तरी मधोमध जमलं, बटण आणि गाणं एकदमच यायला लागलं. त्या दिवशी ह्यांनी मला पेढा आणला. मुलगा झाल्यावरसुद्धा आणला नव्हता.

त्यातच माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. नवरदेवानं हट्ट धरला, अक्षता पडल्या की भावजींचंच गाणं वाजलं पाहिजे. आप्पांची पंचाईत झाली. जावयाला फेटा बांधून पुढं बसवायचं, की खोक्यामागं कामाला लावायचं? आणि गाणं चुकलं तर वाजंत्र्याला रागवता येतं, जावयाला कसं रागवणार? "तुझ्या मालकाला सांग," ते मला म्हणाले, "माझी इज्जत हाय म्हणावं." मी सांगितलं. त्या रात्री हे जेवले अर्धीच भाकरी.

लग्नाच्या दिवशी हे फेटा बांधून कॉम्प्युटरमागं बसले. आहेराचं उपरणं यंत्रावर पांघरलं होतं, अक्षता आत जाऊ नयेत म्हणून. (गेल्याच. पुढं कितीतरी दिवस कीबोर्डातून तांदूळ निघत होते.) उकाडा असा की यंत्र तापलं, आणि हळदीपासूनच आवाज तडतडायला लागला. आप्पांचा निरोप माझ्या हाती आला, "बंद करा म्हणावं, बँडवाला हाय." ह्यांनी घाम पुसला आणि सरकपट्टी पार टोकाला नेली. तडतड थांबली. उशीर मात्र परत आला, तो आम्हा दोघांनाच माहीत.

"जरा आधी दाबीन," हे म्हणाले.

पण मंगलाष्टका सुरू झाल्या आणि सगळा मांडव उठून उभा राहिला. ह्यांना पुढचं काही दिसेना. शेवटचं 'सावधान' कानावर पडल्यावरच ह्यांनी बटण दाबलं.

अक्षता पडल्या. गाणं नाही. जनरेटरची थडथड तेवढी ऐकू येत होती, आणि कोणाचं तरी लेकरू पाणी मागत होतं. आता आप्पा जन्मभर ह्यांचं तोंड बघणार नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात.

आप्पा माइकशेजारीच उभे होते. माइक कॉम्प्युटरमधून जात नव्हता, त्याला कसला उशीर. सगळ्या मांडवात त्यांचा आवाज घुमला, "अहो जावईबापू, कावून वाजना? वाजवा की!"

आणि वाजलं. शब्दाला शब्द लागून वाजलं. सगळा मांडव हसला, आणि आप्पा स्वतःच दचकून भोंग्याकडं बघत राहिले.

नवरा-नवरीचे हार घालून झाल्यावर आप्पा तरातरा कॉम्प्युटरकडं निघाले. सवयीनं मी मागं पळाले.

"एवढा येळ कावून लागला?"

मी तोंड उघडलं, "आप्पा, हे म्हणतात—"

"तू थांब गं," आप्पा म्हणाले, आणि ह्यांच्याकडं बघत राहिले.

ह्यांनी फेटा सावरला. "आप्पा, गिऱ्हाईक यायच्या आधी माल मापून ठेवावा लागतो. लई बांधत बसलं की गिऱ्हाईक खोळंबतं. कमी बांधला की मधीच सरतो."

"मग आमी काय येगळं करतो?" आप्पांनी खुर्ची ओढली. "बाजारच्या दिशी जास्तीच्या पुड्या बांधायच्या, बाकी दिशी कमी. दाखवा बरं, कुठून कमी-जास्ती करता."

ह्यांनी उपरणं बाजूला केलं. दोन फेटे एका पडद्यावर वाकले. बायांना वाटलं, भावाचं लग्न लागलं म्हणून मी रडते, आणि मीही तसंच वाटू दिलं. जरा वेळ मी तिथंच उभी राहिले. कोणी मला कोणाला काही सांगायला सांगितलं नाही. मग मी पंगतीत वाढायला गेले.