साडूभाऊ उभे आहेत

क्रिकेटवर जीव टाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण एका फलंदाजासाठी उभं आयुष्य खरोखर उभ्याने काढणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. नरडाण्याला स्टेशन रोडवर त्यांचं कापडाचं दुकान. एरवी गादीवर मांडी ठोकून बसले की गिऱ्हाईक आलं तरी हलायचे नाहीत. ठाण काढायला नोकराला मानेनेच खूण करायचे. पण आपल्या देशाचा तो सलामीचा फलंदाज पॅड बांधून मैदानात उतरला, की साडूभाऊ गादीवरून उतरलेच. ट्रान्झिस्टर गल्ल्यावर ठेवायचा, हात मागे बांधायचे आणि तो बाद होईपर्यंत उभं राहायचं. आणि तो फलंदाज तरी कसा, तर एकदा खेळपट्टीवर गेला की त्याला घरची आठवणच येत नसे. सकाळी उतरला तर संध्याकाळी तिथेच. साडूभाऊही तिथेच. कारण विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं, "तो तठे उन्हमा उभा शे, आनि मी आठे गादीवर बसू? माले नही जमत."

एकदा शिंदखेड्याकडचे एक गिऱ्हाईक धोतरजोडी घ्यायला आले. मालक हात बांधून, मान खाली घालून उभे. मालक उभे म्हणून नोकर उभा. गिऱ्हाइकाला वाटलं, गावात कोणीतरी मोठा माणूस गेला. त्यांनीही टोपी काढली आणि डोळे मिटून उभे राहिले. तेवढ्यात ट्रान्झिस्टरमधून चौकाराचा गलका झाला, साडूभाऊंनी हसून टाळी वाजवली, आणि ते भले गृहस्थ धोतर न घेताच निघून गेले. पुढे कितीतरी महिने ते साडूभाऊंबद्दल 'दुःखातही हसणारा माणूस' म्हणून आदराने बोलत असत.

माझी आणि त्यांची पहिली भेट माझ्याच लग्नात, जळगावला झाली. ते थोरले जावई, मी धाकटा. पंगत बसली, वरण-बट्टी वाढली, तूप फिरलं, आणि थोरले जावई पाटाशेजारी ताठ उभे. आता आमच्याकडे थोरला जावई धाकटीच्या लग्नात पंगतीला बसत नाही, याचा अर्थ एकच. जावई रुसला! मांडवात धावपळ उडाली. सासऱ्यांनी हात जोडले, मामेसासरे नारळ आणि टोपी घेऊन आले, कोणी म्हणालं आहेर हलका झाला, कोणी म्हणालं विहिणीच्या गाण्यात नाव घेतलं नाही. मी नवरदेव, पण माझ्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. शेवटी साडूभाऊंनी कोटाच्या खिशातला छोटा ट्रान्झिस्टर सर्वांना दाखवला आणि म्हणाले, "लंचले दोनच ओव्हर शेत. तवलगून मना पानवर वाढू नका, बट्टी थंडी व्हई."

दुसऱ्या कोणाला लाज वाटली असती. साडूभाऊंना लाज हा प्रकार माहीत नव्हता, आणि माघार तर त्याहून नव्हती. गावात टीव्ही आले तेव्हा त्यांनी तो घरात घेतला नाही, कारण शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर ते उभे राहिले की मागचे लोक "बसा हो!" म्हणून ओरडत. त्या वाक्याचा त्यांना मनस्वी राग, आणि घरी टीव्ही आणला तर तेच लोक तिथेही येणार. मी स्वतः फटकेबाजांचा भक्त. तुमचा हा गडी फारच संथ खेळतो, असं मी एकदा म्हणालो, तर वर्षभर ते माझ्याशी फक्त बायकोमार्फत बोलले. पेपरात त्याचं वय झालं, त्याने आता थांबावं, असं छापून येऊ लागलं, तेव्हा साडूभाऊ त्या पेपरात लंगोटाचं कापड बांधून देऊ लागले. "ज्याले तो म्हातारा वाटस, त्यानी एक ओव्हर खेयी दखाडो," हे त्यांचं जाहीर आव्हान होतं. नरडाण्यात ते कोणीच स्वीकारलं नाही.

पण वय साडूभाऊंचंही झालं होतं. पायांच्या शिरा दोरासारख्या फुगल्या. धुळ्याच्या डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले आणि बजावलं, फार वेळ उभं राहायचं नाही, नाहीतर एक दिवस अजिबात उभं राहता येणार नाही. अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, रडकुंडीला आली. साडूभाऊ बाहेर येऊन म्हणाले, "डॉक्टरले काय समजस? त्यानी कधी ओपनिंग कयी का?"

आणि नेमकं तेव्हाच त्या फलंदाजाने जाहीर केलं की हा आपला शेवटचा सामना. साडूभाऊंनी ते मान्यच केलं नाही. त्यांचा हिशेब सरळ होता. तो बादच झाला नाही, तर निवृत्त होईल कसा? शेवटच्या डावाच्या दिवशी अक्काने निरोप धाडला म्हणून मी सकाळच्या पॅसेंजरने नरडाण्याला गेलो. पाहतो तर दुकान बंद, साडूभाऊ घरात उभे, पायांना पट्ट्या गुंडाळलेल्या, आणि समोरचा ट्रान्झिस्टर मुका. अक्काने त्यातले सेल काढून पिठाच्या डब्यात लपवले होते.

"अहो, रेडिओच बंद आहे, बसा की आता," मी म्हणालो.

"सेल नही, तं काय व्हयनं? तो तं खेयी ऱ्हायना ना?"

मी खाटेवर टेकलो. अक्काच्या मात्र ध्यानात आलं, की तो कधी बाद झाला हे कळलं नाही, तर हा माणूस बसणारच नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि पिठाने माखलेले सेल आणून तिने स्वतःच्या हाताने ट्रान्झिस्टरमध्ये घातले. मग ती त्यांच्या शेजारी उभी राहिली. इतकी वर्षं त्यांच्या या वेडापायी बोल लावणारी अक्का त्यांचा कोपर धरून उभी होती. साडूभाऊंचे पाय थरथरत होते. प्रत्येक चेंडूला ते पुटपुटायचे, "ऱ्हाय, बाबा, ऱ्हाय." मी खाटेवरून उठलो. मला बसवेना.

दुपार कलताना तो बाद झाला. मैदानभर टाळ्या वाजू लागल्या. मी साडूभाऊंच्या मागे खुर्ची सरकवली. त्यांनी ती पायाने मागे लोटली.

"तो आजून चाली ऱ्हायना," ते म्हणाले. "तो बसना का, मंग मी बससू."

आम्ही वाट पाहिली. टाळ्या थांबल्या, नवा फलंदाज आला, त्याने एक धावही काढली. पण तो आत जाऊन बसला, हे काही कोणी सांगेना. रेडिओवर ते कोण सांगणार? मी म्हणालो, "बसला असेल हो आता."

"असेल?" त्यांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्यांचा चेहरा घामाने निथळत होता. पाय आता खरोखरच जाणार, असं मला वाटलं आणि मी घाबरलो.

तेव्हा अक्का पुढे झाली. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून अगदी हळू म्हणाली, "बसना तो. मी सांगस ना. बसा आते."

अक्काला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण साडूभाऊंनी तिच्याकडे पाहिलं आणि ते बसले. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिलो.

त्यानंतर ते कोणासाठीच उभे राहिले नाहीत. पाय सुधारले, डॉक्टर खूश झाले. काही वर्षांनी सासरच्याच एका लग्नात पंगत बसली. बाहेर टीव्हीवर सामना चालू होता, पोरं ओरडत होती. साडूभाऊ पाटावर नीट बसून वरणात बट्टी कुस्करत होते. थोरले जावई वेळेवर बसले म्हणून मांडवात सगळे निर्धास्त. मलाच कुठेतरी चुकल्याचुकल्यासारखं झालं. मी पाटाशेजारी नुसता उभा राहिलो. लगेच मामेसासरे धावत आले, "जावईबापू, काही चुकलं का आमचं?"

साडूभाऊंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि शेजारच्या पाटावर हात थोपटला.

"बसा, साडूभाऊ," ते म्हणाले. "बसना तो."