उजव्या कुशीवर

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की अर्धा चहा तसाच ठेवून उठणाऱ्यांपैकी मी. आमचं घर बौद्ध. अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. पौर्णिमेला पांढरे कपडे घालून विहारात जायचं, एवढाच आमचा चंद्राशी संबंध. तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा...

गाव रिठद. मी नोकरीसाठी वाशिमला अप-डाऊन करतो. धाकटी बहीण प्रज्ञा, बाळंतपणात बाळ गेल्यावर माहेरी आली होती. झोप नाही, बोलणं नाही. विहाराच्या अंगणात संध्याकाळचा योगवर्ग सुरू झाला, तशी आई तिला सोबत नेऊ लागली. शिकवणाऱ्या मॅडमची पद्धत चंद्राची – चंद्र वाढेल तसा रोज एक चंद्रनमस्कार वाढवायचा, पौर्णिमेनंतर एकेक कमी, अमावस्येला नुसतं शवासन. जुनं सोडायचं, पुन्हा नव्यानं सुरुवात करायची. मी थट्टा करायचो. पण पौर्णिमेपर्यंत प्रज्ञा चक्क हसायला लागली होती!

अमावस्येला शवासन संपलं. मॅडम म्हणाल्या, "उजव्या कुशीवर वळा, सावकाश उठा." सगळ्या उठल्या, प्रज्ञा नाही. कोणीतरी हलवायला गेलं, तर आईच म्हणाली, "झोपू द्या तिले. किती दिसांनी डोया लागला."

अंधार पडल्यावर आईनं हात लावला, तेव्हा ती गार पडली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

आईनं जेवण जवळपास सोडलंच. दिवेलागणीला मात्र प्रज्ञाची निळी मॅट घरच्या अंगणात अंथरायची. बीजेला मॅटवर दोन ओले ठसे दिसले, टाचांचे. मला वाटलं, आईचेच पाय. पण चंद्र वाढला तशी ओल वर सरकत गेली – पोटऱ्या, पाठ, खांदे. पौर्णिमेला अख्खं माणूस उताणं पडलेलं! मी पुसलं, पुन्हा उमटलं. मॅट धुतली, जागा बदलली... तेच. मग चंद्राबरोबर ओसरलं, आणि पुढच्या बीजेला परत टाचा. तोवर आईची नुसती हाडं उरली होती. मला भीती मॅटची नव्हती, आईची होती. हीपण जाते की काय!

"आई, कायले हे करून राह्यली तू? गुंडाळ ना ते."

"थे उठली कुठी, बाबू? मीच उठवू देल्लं नाही तिले."

पौर्णिमा आली. मॅटवर तोच आकार. मीच म्हणालो, "मग उठव आता."

आई शेजारी बसली. मॅटची कड हातानं सरळ केली. मग म्हणाली, "ऊठ माय... उजव्या कुशीवर वळ. सावकाश."

काहीच हललं नाही. आई रडत आत गेली. मी मॅट उचलायला वाकलो – ओला आकार उजव्या कुशीवर वळलेला होता. गुडघे पोटाशी. आणि छातीसमोर एका तळहाताचा ठसा, जोर देऊन उठताना उमटतो तसा.

आईला बोलावून दाखवलं. त्यानंतर मॅट कोरडीच आहे. आई अर्धी भाकर खाते. दव असेल, मॅटमध्येच काही असेल... मला खरंच माहीत नाही. पण आई आता रात्री दाराला कडी लावत नाही. उठून प्रज्ञा गेली कुठं, हे आईलाही ठाऊक नाही. आणि कडी मीही लावत नाही.