उमरोळीला उतरले तेव्हा

पालघरच्या एका साप्ताहिकात मी राजकीय लेख लिहायचे. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, त्यांना साताऱ्याहून सालवडच्या आमच्या दोन खोल्यांत आणलं आणि लिहिणं जवळजवळ सुटलं. नवरा बोईसरच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. त्याची शिफ्ट बदलली की घरातली झोप, जेवण, सगळंच बदलायचं. लिहायला बसावं तर अंगात त्राण नसायचं. पाण्याबद्दल, जमिनींबद्दल नेमकं वाक्य सुचायचं ते भाकरी थापताना, आणि हात धुऊन येईपर्यंत विरून जायचं. मग मी भांडी आपटायचे.

"काय पडलं गं?" सासूबाई आतून विचारायच्या.

"काही नाही, आई."

कारखान्यांतून खाडीत येणाऱ्या रंगीत पाण्यावर पालघरला जाहीर सुनावणी ठरली, तेव्हा मात्र मी आपण होऊन संपादकांना फोन केला. हे मीच लिहिणार म्हटलं. किनाऱ्यावरच्या गावातून एक बाई आमच्या दारावर मासे विकायला यायची. तिच्या गावच्या बायका तिथे बोलणार होत्या. "वयनी, तू येच. आमी बोलू, तू लिव," ती म्हणाली होती.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवत होता.

"आमच्या कंपनीचं नाव येणार का?"

"त्या बायकांनी घेतलं तर येईल."

"आणि माझी नोकरी गेली तर?"

तो ओरडला असता तर मला भांडता आलं असतं. त्याने शांतपणे विचारलं आणि मी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

सुनावणीच्या दिवशी सासूबाईंना अंघोळ घातली, पेज भरवली, शेजारच्या भाभींना त्यांच्याजवळ बसवलं आणि बोईसरहून गाडी पकडली. खिडकीशी बसून लेखाची सुरुवात जुळवत होते. कितीतरी दिवसांनी डोकं चालत होतं. उमरोळी येता येता भाभींचा फोन आला.

"दीदी, अम्माजी पलंग से गिर गईं. उठा लिया है, पर आपको ही पुकार रही हैं."

मी उतरले. गाडी पालघरकडे निघून गेली. पुढचंच तर स्टेशन होतं. मी पूल ओलांडून पलीकडे, बोईसरच्या गाडीच्या फलाटावर आले, नवऱ्याला फोन लावला. तो ड्युटीवर, फोन लॉकरमध्ये. बसवेना, म्हणून फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. सासूबाईंचा राग येत होता, आणि पडलेल्या म्हातारीचा राग येतो म्हणून स्वतःचाही. पालघरची पुढची गाडी आधी आली. समोरच्या फलाटावर ती सिग्नलसाठी थांबून राहिली. पूल चढून जायला वेळही होता. मी दोन पायऱ्या चढलेसुद्धा. मग गाडी सुटली आणि मी खाली आले.

घरी आले तर सासूबाई उशीला टेकून चहा पीत होत्या.

"झाली एवढ्यात सुनावणी?"

"गेलेच नाही. तुम्ही पडलात ना!"

"मग? भाभी होती की जवळ."

"मला हाका तुम्हीच मारत होतात, आई."

त्यांनी चांगला हात माझ्या मनगटावर ठेवला. मी तो बाजूला केला आणि त्यांचे ओले कपडे बदलायला घेतले.

दुपारी मासेवाल्या बाईचा फोन आला. आवाज चढलेला होता. "नाय आलीस तू! आमी सारख्या दाराकडं बगत होतो." मी घडलं ते सांगितलं. ती म्हणाली, "म्हातारी बरी हाय ना? मग आता आयक. सगळ्या इथंच हाव."

फोन स्पीकरवर टाकून पलंगावर ठेवला. सासूबाईंच्या पायाला तेल चोळता चोळता ऐकत होते, मध्येच हात पुसून लिहीत होते. तिकडे एकीकडून दुसरीकडे फोन फिरत होता. कुणाच्या जाळ्याला चिकट तवंग लागला होता, कुणाच्या हातांना खाज सुटत होती, खाडीत मासा उरला नव्हता. सासूबाई एकाएकी म्हणाल्या, "विचार तिला, मासे नाहीत तर दारावर विकते काय?"

पलीकडून मासेवालीचं उत्तर आलं, "बाजारातून इकत घेते, मावशे. आमच्या खाडीचं म्हनून सांगते. काय करू?"

तिने मग कंपन्यांची नावं घेतली. त्यात नवऱ्याचीही होती. ते नाव मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. पेज शिजवत, चादरी वाळत घालत, तुकड्या-तुकड्याने लेख पुरा केला. पाठवण्याआधी नवऱ्याला दाखवला. त्याने उभ्यानेच वाचला.

"खोटं काही नाही यात," तो म्हणाला. "पण आपलं आडनाव नको टाकूस."

मला ते पटलं नाही, तरी मी आडनाव गाळलं. लेख छापून आला. नुसतं माझं पहिलं नाव पाहून तो मला दुसऱ्याच कुणाचा वाटत राहिला. नवऱ्याला कंपनीत कुणी काही विचारलं नाही. पुढे कित्येक दिवस तो घरी यायला जरा उशीर झाला की मी दाराशी जाऊन उभी राहायचे.

सासूबाईंना मी लेख वाचून दाखवायला बसले. दुसऱ्या परिच्छेदातच त्यांचा डोळा लागला. मी पुढे मोठ्याने वाचत राहिले. एक वाक्य फार सौम्य झालं होतं. छापून झालं होतं तरी पेन शोधायला उठले, तेवढ्यात त्या जाग्या झाल्या आणि पाणी मागू लागल्या.