हवेलीच्या माळ्याचे कुलूप

लोककथांच्या अभ्यासकाला किस्से शोधत हिंडावे लागत नाही. जिथे काही दडपले जाते, तिथे ते आपोआप साचतात. दोन हजार चारच्या सुमारास मी न्यू जर्सीतल्या एका वसाहतकालीन हवेलीत दर शनिवारी व्हॉलंटिअर गाइड होतो. इतके किस्से मला कुठल्या गावात मिळाले नाहीत!

*

पहिल्याच दिवशी मॅनेजरबाईंनी बजावले, "'गुलाम' म्हणायचं नाही. 'मदतनीस' म्हणा."

"मदतनिसाला विकत कसं घेतात?"

"टूर पाऊण तासाची आहे," बाई म्हणाल्या. "तेवढा वेळ नसतो!"

*

डनीस माझी सहकारी. तिची खापरपणजी याच घरात गुलाम होती आणि स्वयंपाकघरावरच्या माळ्यात झोपे. तो माळा लोकांना दाखवावा, एवढीच डनीसची मागणी. हवेली चालवणाऱ्या कमिटीचे उत्तर ठरलेले: "जिना कमकुवत आहे."

हवेलीत होणाऱ्या लग्नांच्या लोखंडी खुर्च्या त्याच जिन्याने माळ्यावर चढत!

*

टूरला आलेले, जवळच्याच आयसेलिन गावचे एक आयटीवाले गृहस्थ डनीसला म्हणाले, "पण स्लेव्हरी तर साउथमध्ये होती ना?"

"हो का? मग हे घर कुणी उचलून आणलं इथं?"

ते ओशाळले, पण हरले नाहीत. "निदान इथले मालक तरी प्रेमळ असतील."

"असतील की! म्हणूनच माळ्याची कडी बाहेरून आहे."

*

हवेली लग्नांना भाड्याने दिली जाई. एका मराठी लग्नाच्या सकाळी वधूच्या काकू भाताचे पान आणि नारळ घेऊन उभ्या राहिल्या. त्या मूळच्या मालवणच्या. मंगलकार्याआधी त्या जागेत राबून गेलेल्यांना पान ठेवायचे, ही त्यांच्या घरची रीत.

"इथं राबणारी माणसं कुठं राहायची?" त्यांनी विचारले. दुभाषा मीच.

मॅनेजरबाई हसल्या. "सांगा त्यांना, तसं कुणी नव्हतं."

मी शब्दशः सांगितले. काकूंनी छताकडे पाहिले. "एवढं मोठं घर, आणि राबणारं कुणी नाही?"

मी ते इंग्रजीत सांगताच शेजारी उभ्या डनीसने वर बोट केले. "माझी माणसं. तिथं."

"जिना कमकुवत..." बाईंनी सुरुवात केली.

"पान ठेवल्याशिवाय अंतरपाट धरायचा नाही!" काकूंनी फर्मावले. भटजी थांबले, वऱ्हाड थांबले, केटरर थांबला. शेवटी बाईंनी किल्ली काढली.

वर पोहोचताच काकूंनी पान डनीसच्या हाती दिले. ती गोंधळली. "मी? मी तर इथली गाइड."

मी मराठीत सांगितले.

"सांगा तिला, भाऊजी," काकू म्हणाल्या, "पान घरच्याच माणसानं ठेवायचं असतं."